न जळालेल्या लाकडाचं वजन

कवठे येमाई, ता. शिरूर
१० जानेवारी २०२५

वन्सं, वाकून नमस्कार.

फोन करून उपयोग नाही. तुमच्या कानातलं मशीन शिटी मारतं आणि तुम्ही सगळ्यालाच ‘व्हय व्हय’ म्हणता. मागं मी शेळी व्याल्याचं सांगितलं, तर तुम्ही ‘देव लवकर बरं करील’ म्हणालात. तेव्हापासून ठरवलं, महत्त्वाचं असेल ते पोस्टानंच.

येमाईच्या कृपेनं इथं सगळे बरे आहेत. कांद्याची लागण उरकली. तुमच्या भावाचा गुडघा थंडीनं धरतो, पण पारावर जायचं म्हटलं की सुटतो.

आता मूळ गोष्ट. इंद्रजीतच्या कंपनीनं गेल्या वर्षी आमच्या गावात एकशेऐंशी घरांना बिनधुराच्या चुली फुकट दिल्या, हे तुम्हाला मी काय सांगायचं, पोरगा तुमचाच. बदल्यात आम्ही लाकूड कमी जाळायचं. जेवढा धूर वाचला तेवढ्याचे कागद कंपनी करते, त्याला कार्बन क्रेडिट म्हणतात, आणि ते लांबच्या कुठल्या तरी कारखान्याला विकते. त्या कारखान्याला स्वतःचा धूर कमी करणं जमत नाही, म्हणून तो आम्ही न केलेला धूर विकत घेतो. मला आधी हे पटेना. मग म्हटलं, आजारी माणसाच्या नवसाच्या प्रदक्षिणा घरातलं दुसरं कुणी घालतंच की. चालत असेल.

त्यातून दर घराला वर्षाला थोडे पैसे मिळायचे आहेत. पण त्याआधी सहा फेब्रुवारीला तपासणी आहे. कंपनीची नाही, बाहेरची एक बाई येणार. वीस घरं चिठ्ठ्या टाकून काढली, त्यात माझं नाव निघालं. जुन्या चुलीला रोज किती लाकूड लागायचं आणि आता किती लागतं, एवढंच विचारणार.

परवा इंद्रजीत चहाला आला तेव्हा त्यानं कागद दाखवला. कवठ्याची सरासरी लिहिलीय, जुन्या चुलीला घरटी रोज अकरा किलो. वन्सं, अकरा किलो! रोज एवढं जाळलं असतं तर बांधावर बाभळीचं एक झाड उरलं नसतं.

माझी लाकडाची वही तुम्ही पाहिलेली आहे. वाटणीत जमीन वाटली, विहिरीचे वार वाटले, पण मधल्या बांधावरच्या नऊ बाभळी माझ्यात आणि धाकट्या जाऊबाईंच्यात, साळूबाईंच्यात, सामाईक राहिल्या. पुढं भांडण नको म्हणून मामंजींनी, तुमच्या आबांनी, घालून दिलं की फांदी तोडली की कांद्याच्या काट्यावर वजन करायचं, निम्मं निम्मं घ्यायचं, वहीत लिहायचं आणि दोघी जावांनी सही करायची. आबांना जाऊन सहा वर्षं झाली, पण दर सोमवारी ते चालू आहे. तुरीच्या काड्या आणल्या, विकतची मोळी आणली, तर तीही मी दोघींची त्याच वहीत लिहिते. त्या वहीप्रमाणे माझ्या घराला जुन्या चुलीवर रोज साडेचार किलो लागायचे. नव्या चुलीवर अडीच लागतात.

तपासणीच्या बाईंना मी ती वही दाखवणार आहे. इंद्रजीत आपला, म्हणून तुम्हाला आधी कळवलं. त्याला अजून काही बोलले नाही.

दाजींना नमस्कार सांगा. संक्रांतीचा तीळगूळ पोस्टात चिरडतो, म्हणून इथूनच गोड बोलते.

तुमची,
सिंधू

*

केडगाव, ता. दौंड
१६ जानेवारी २०२५

सिंधू, तुला आन् भिमाजीला आशीर्वाद.

पत्र वाचलं. गोड बोलते म्हणून लिवलंस, आन् त्याच पत्रात माझ्या पोराच्या मुळावर आलीस.

वही लिवायचा तुझा रोग जुनाच. लगीन होऊन आलीस त्याच वर्षी आहेराची भांडी काट्यावर टाकली व्हतीस, मला आठवतंय. आई तवा म्हणली, ‘पोरगी नेटकी हाय.’ मी म्हणलं, ‘नेटकी न्हाई, दुकानदार हाय.’ दोघींचंबी खरं झालं.

आता माझं ऐक. इंद्रजीत तीन वर्सं कंत्राटावर राबतोय. ऊन न्हाई, पाऊस न्हाई, गाडीवर दोन तालुके पालथे घालतो. ह्या मार्चला पर्मनंट करणार हायेत, पण कवा? तुमच्या शिरूरची तपासणी पास झाली तर. कोरेगाव भीमाची पोरगी बघितलीय, करिश्मा नाव. तिथल्याच एका कंपनीत क्वालिटीला हाय. पोरीला ह्यो पसंत, ह्याला पोरगी पसंत. तिच्या बापानं मात्र सुपारी हातात घेतली न्हाई. म्हणला, ‘आधी पर्मनंटची ऑर्डर दाखवा, मग तारीख काढू.’ पोरगा तीस पार झाला, सिंधू. शेती दीड एकर, बाप गुऱ्हाळवाला. पोरी देताना लोक काय काय विचारत्यात तुला म्हाईत न्हाई व्हय?

तवा ती वही पेटीत टाक, वर लुगडं टाक, वर कुलूप टाक. बाईनं विचारलं तर म्हण, लागायचं दहा-अकरा किलो. कुणाच्या बापाचं काय जातंय? लाकूड तुझं, चूल तुझी.

तुझे दाजी म्हणत्यात, ह्यो सगळाच येड्यांचा बाजार हाय. ज्यानं जाळलं त्याच्यावर सरळ कर लावा. कोळशावर लावा, डिझेलवर लावा, चैनीच्या गाड्यांवर लावा. जाळायचं महाग झालं की आपोआप कमी जाळत्यात. हे वाचवलेला धूर विकायचं आन् विकत घ्यायचं झेंगट कशाला? मी म्हणलं, ‘अवं, आपल्या गुऱ्हाळाच्या धुराड्यावर लावला तर?’ तवापासून दोन दिस झालं, माझ्याशी बोलत न्हाईत. घर कसं शांत हाय.

पत्राचं उत्तर पोस्टानं टाक. इंद्रजीतच्या हाती देऊ नको.

पुतळा

*

कवठे येमाई
२३ जानेवारी २०२५

वन्सं, वाकून नमस्कार.

वही पेटीत घालून कुलूप लावता येईल. साळूबाईंच्या तोंडाला कसं लावू? दर पानावर त्यांची सही आहे.

करिश्माचं ऐकून आनंद झाला. पोरगी क्वालिटीला आहे म्हणजे नजर चांगली असणार. इंद्रजीतचं भलं व्हावं असं मला वाटत नाही, असं मनात आणू नका. अकरावी-बारावीला तो माझ्याकडं राहून शिकला, दोन वर्षं माझ्या हातच्या भाकरी खाल्ल्या त्यानं. पण तुम्ही विचारलंत, कुणाच्या बापाचं काय जातंय. तेच सांगते.

आमच्या घरानं खरे वाचवले रोजचे दोन किलो. कागदावर लिहिले अकरातून अडीच वजा, साडेआठ. लांबचा कारखाना ते साडेआठ विकत घेणार आणि तेवढा धूर बिनघोर सोडणार, कारण त्याला वाटतं की इकडं सिंधूबाईनं तेवढा वाचवलाय. दोनाचा हिशोब बरोबर झाला. वरच्या साडेसहाचा धूर मात्र खराच हवेत गेला. म्हणजे चूल आली नसती त्यापेक्षा जास्तच धूर झाला, आणि तो माझ्या नावावर. मी मंगळवारी देवीला जाते, तेव्हा ती मला विचारणार नाही का, एवढं काय जाळलंस म्हणून?

दाजींचं कराचं म्हणणं मी दोन दिवस डोक्यात घोळवलं. त्यात तथ्य आहे. कर बसतो जळालेल्यावर. डिझेल किती घेतलं ते पंपावरचं मशीन दाखवतं, तुमच्या मते किती घेतलंत असं कुणी विचारत नाही. क्रेडिट मिळतं न जळालेल्यावर. जे जळालंच नाही ते काट्यावर कसं ठेवायचं? तिथं माणसाच्या तोंडावर विश्वास ठेवावा लागतो. आणि पैसे मिळणार म्हटल्यावर बाई बारा सांगेल; कर लागणार म्हटला तर तीच बाई दोनसुद्धा कबूल करणार नाही.

पण नुसता कर बसवला तर टेम्पोचं भाडं वाढेल, आमचा कांदा बाजारात न्यायला महाग पडेल, आणि मोठ्या गाडीवाला हसत भरून मोकळा होईल. म्हणून माझं म्हणणं असं, की कर गोळा करा आणि माणशी सारखा वाटून परत द्या. ज्यानं जास्त जाळलं त्यानं जास्त भरलं, पण परत मिळताना सगळ्यांना सारखंच. आमच्यासारख्या घराला भरल्यापेक्षा चार पैसे जास्तच येतील. जत्रेची वर्गणी जो तो ऐपतीप्रमाणं देतो आणि प्रसाद सगळ्यांना सारखा मिळतो, त्यात कुणाला काय अवघड वाटतं? दाजींना सांगा, गुऱ्हाळानं भरायचंही आणि घरानं घ्यायचंही. म्हणजे बोलायला लागतील.

क्रेडिटचा बाजारही वाईट नाही, माझं तसं म्हणणं नाही. त्या पैशाच्या आशेनं का होईना, चूल आमच्या घरात आली. माझा खोकला गेला, भांडी काळी होत नाहीत. पण बाजार म्हटला की काटा खरा पाहिजे.

अकराचा आकडा कुठून आला ते मला ठाऊक नाही. कंपनीच्या वरच्या ऑफिसात पंख्याखाली बसून कुणी तरी लिहिला असेल. तो त्यांचा त्यांनी निस्तरावा. मी माझी वही दाखवून मोकळी होणार.

तुमची,
सिंधू

*

केडगाव
२९ जानेवारी २०२५

सिंधू,

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिशी, रविवारी, इंद्रजीत घरी आला व्हता. मी त्याला म्हणलं, ‘तुझ्या मामीच्या घरचा फारम दाव.’ त्यो म्हणला, ‘कशाला?’ मी म्हणलं, ‘आईनं मागितलं म्हणून.’ त्यानं मोबाईलात काढून दिला.

सिंधूबाई भिमाजी, कवठे येमाई. जुन्या चुलीला रोज लागणारं लाकूड, बारा किलो. खाली सही. गोल गोल, शाळेतल्यासारखी, शेवटच्या अक्षराला शेपूट. तुझी सही मी वळखते.

पंख्याखाली कोण बसलं व्हतं गं?

मी त्याला काय बोलले न्हाई. नुसतं विचारलं, ‘ह्यो बाराचा आकडा तूच लिवलास का?’ त्यो म्हणला, ‘मामी म्हणल्या तेच लिवलं. खरं सांगू का आई, बाकीच्या बायका दहा-बारा म्हणत व्हत्या तवा मला शंका आली व्हती. पण मामीनं बारा म्हणल्यावर गप बसलो. मामी वही ठेवतात, त्यांचा आकडा चुकायचा न्हाई.’

ऐकलंस? तुझ्या भरवशावर त्यानं सगळ्या गावाचं खरं धरलं.

आता तूच डोकं चालव. सहा तारखेला तू वही काढणार. वहीत साडेचार, फारमात बारा. बाई विचारणार, हे बारा कुणी घातलं? तू ‘कंपनीला म्हाईत’ म्हणून मोकळी व्हणार. मग चोर कोण? फारम भरणारा. माझा पोरगा. नोकरी तर जाईलच, पण आकडा फुगवणारा म्हणून नाव व्हईल. त्या नावाला पोरगी कोण देणार आन् नोकरी कोण देणार?

मी वही झाकून ठेव म्हणलं व्हतं, ते चुकलं आसंल माझं. आता तसं म्हणत न्हाई. पण अर्धं खरं सांगू नको. सांगायचं तर समदं सांग, न्हाई तर तोंड उघडू नको. तुझी देवी काय ती तुझी तू बघून घे.

पुतळा

*

कवठे येमाई
८ फेब्रुवारी २०२५

वन्सं, साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. उपास समजून सोडून दिलं, पण तो उपास नव्हता.

आता सगळं सांगते.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर गिताबाईंच्या घरी हळदीकुंकू होतं. पंचवीस-तीस बायका आत दाटीवाटीनं बसलेल्या. इंद्रजीत फॉर्म भरायला आलेला. बायकांत कुठं बसणार, म्हणून तो बाहेर ओट्यावर बसला आणि तिथून एकेकीचं नाव घेऊन विचारायचा. आम्ही आतून ओरडून सांगायचो. त्यानं पहिलं नाव घेतलं गिताबाईंचं. ‘रोज किती लाकूड लागतं?’ गिताबाई म्हणाल्या, ‘आमच्याकडं ऊठबस मोठी, बाबा. चूल कधी विझतच नाही. दहा किलो धर.’

झालं. त्यानंतर कमी कोण सांगणार? कमी लाकूड म्हणजे घरात कमी शिजतं, पाहुणा येत नाही, आला तर जेवत नाही. रोहिदास मास्तरांच्या घरी नवरा-बायको दोनच माणसं, तर मास्तरीणबाईही नऊ म्हणाल्या. माझी पाळी यायच्या आधी कुणी तरी मागून बोललं, ‘सिंधूबाईचं काय विचारतोस, त्या चहाची पावडर मोजून टाकतात, लाकूडही चमच्यानं टाकत असतील.’ सगळ्या खदाखदा हसल्या. आणि माझ्या तोंडून निघालं, ‘बारा.’

साळूबाई माझ्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. दर सोमवारी माझ्यासोबत सही करणारी बाई. मला वाटलं, आता ही हसणार. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि बाहेर ओरडून सांगितलं, ‘माझे तेरा लिही.’

असा तुमचा अकराचा आकडा तयार झाला, वन्सं. तिळाच्या वड्या खात खात. त्यात कंपनी नव्हती, पंखा नव्हता. नंतर मी स्वतःला सांगत राहिले की ते लोक मोजूनच घेतील, आपल्या बोलण्यावर कोण जातंय. तुम्हाला लिहितानाही तेच केलं. तुम्ही पकडलं ते बरं झालं.

परवा तपासणी झाली. सारिका मॅडम म्हणून होत्या, तुमच्या सुनेच्या वयाच्या असतील, म्हणजे सून आल्यावर. बरोबर इंद्रजीत. दारात गाडी थांबली म्हटल्यावर पडवीत निम्मी गल्ली जमली. गिताबाई खांबाला टेकून सगळ्यांत पुढं.

मॅडमनी विचारलं, ‘काकू, जुन्या चुलीला रोज किती लाकूड लागायचं?’

मी म्हटलं, ‘साडेचार किलो.’

त्यांनी हातातल्या टॅबवर बघितलं. ‘इथं बारा आहे.’

मग त्या इंद्रजीतकडं वळल्या. आवाज चढवला नाही, पण ‘दादा’ म्हणत होत्या ते ‘सर’ म्हणाल्या. ‘सर, हा फॉर्म तुम्हीच भरला ना?’

पोरगा माझ्याकडं बघत नव्हता. जमिनीकडं बघत होता. ‘हो, मीच भरला.’ एवढंच म्हणाला. मामीनं सांगितलं, असं म्हणाला नाही.

वन्सं, मी तेव्हाही पाणी आणते म्हणून आत गेले. तांब्या भरला. देव्हाऱ्यासमोर उभी राहिले, पण हात जोडायला हात मोकळे नव्हते. मग तशीच बाहेर आले.

म्हटलं, ‘मॅडम, बारा मी सांगितले. खोटे सांगितले. त्यानं मी म्हणाले तेवढंच लिहिलं.’

त्या म्हणाल्या, ‘वाढवून सांगा असं कंपनीतलं कुणी म्हणालं होतं? भिऊ नका.’

‘भीत नाही. कुणी म्हणालं नाही. बायकांत बसले होते, कमी सांगायची लाज वाटली.’

‘लाज? लाकूड कमी लागण्याची?’

‘तुम्ही शहरातल्या,’ मी म्हटलं. ‘तुमच्याकडं गॅस किती जळतो ते कुणाला दिसत नाही. इथं धूर किती निघतो त्यावर घर मोजतात.’

आणि मग हळदीकुंकवाची सगळी हकिगत सांगितली. गिताबाई खांबाजवळून म्हणाल्या, ‘माझं नाव कशाला घेतेस गं मधे?’

‘सुरुवात तुम्ही केलीत म्हणून घेतलं. शेवट मी केला, तेही सांगतेय.’

‘शेवट कुठं?’ मागून साळूबाईंचा आवाज आला. त्या भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन आल्या होत्या. ‘तेरा माझे होते. आणि ती वही एकटीची नाही, मॅडम. माझी पण सही आहे. माझ्या घराचे सव्वापाच. आमच्यात माणसं सात आहेत.’

मी वही दिली. मॅडम उंबऱ्याजवळ खाली बसल्या आणि एकेक पान उलटत राहिल्या. चौदा वर्षांची पानं. लग्नाचे, बाराव्याचे, पाहुण्यांचे दिवस वेगळे लिहिलेले. त्या म्हणाल्या, ‘काकू, मी चाळीस गावं फिरले. मोजलेला कागद पहिल्यांदाच बघतेय.’ मग फोटो काढत बसल्या.

गिताबाईंना राहवलं नाही. ‘तुझा खरेपणा झाला, पण आमच्या पैशांचं काय? तुझ्या वहीनं गावाचे पैसे गेले.’

मी म्हटलं, ‘गिताबाई, काटा देते. उद्यापासून महिनाभर जुन्या चुलीवर करा आणि मोजा. दहा भरले तर दहाच लिहून द्यायला मी स्वतः मॅडमकडं येते.’

त्या म्हणाल्या, ‘जावई आला की भरतात.’ बायका हसल्या, त्याही हसल्या, पण जाताना हळदीकुंकवाला माझ्या घरी पुन्हा येणार नाही म्हणून सांगून गेल्या. येतील. वड्या माझ्याकडच्याच बऱ्या होतात.

इंद्रजीत चहाला थांबला नाही. गाडीत बसताना एवढंच म्हणाला, ‘मामी, तुमच्या आकड्यावर मी डोळे झाकून भरवसा ठेवला.’  

नोकरीचं काय होईल ते मला माहीत नाही. पण त्यानं आकडा फुगवला असं आता कुणाला म्हणता येणार नाही. मॅडमनी माझं बोलणं लिहून घेतलंय, मी आणि साळूबाईंनी खाली सह्या केल्यात. तुम्हाला माझा राग आला असेल तर तो खरा आहे, मी तो घेईन. पत्र मात्र लिहा.

तुमची,
सिंधू

*

केडगाव
४ मार्च २०२५

सिंधू, आशीर्वाद.

महिना व्हत आला, उत्तर दिलं न्हाई. राग व्हता म्हणून न्हाई. राग चार दिसांत गेला. काय व्हतंय ते कळल्याबिगर काय लिवायचं?

आता कळलं. पर्मनंटची ऑर्डर न्हाई. तुमच्या गावाचा अकराचा आकडा काढून टाकला, आन् आजूबाजूच्या गावांचाबी थांबवला. कंपनीला निम्म्याच्या वर तोटा. वरच्या सायबानं इंद्रजीतला बोलावलं. मला वाटलं, घरी पाठवत्यात. पण त्या सारिका बाईनं अहवालात लिवलं हाय म्हणं, की फारम भरणाऱ्याचा दोष न्हाई, बायकांनी स्वतः कबूल केलं. आन् लिवलं की तोंडी विचारलेलं आता चालणार न्हाई, शिरूर-दौंडात साठ घरं निवडून वर्षभर काट्यावर मोजा. मग सायेब म्हणला, मोजणार कोण? तर ज्याच्या मामीच्या घरात वही हाय त्यालाच धाडा. वर्षाचं कंत्राट दिलंय. पगार हाय तेवढाच.

करिश्माच्या बापाला सांगितलं. त्यो म्हणला, ‘वर्षभर थांबू.’ पोरीनं मात्र मला स्वतः फोन केला. अर्धं ऐकू आलं न्हाई, म्हणून परत मेसेज टाकला, मोठ्या अक्षरात. लिवलंय, ‘आमच्या कंपनीत वजनात चूक निघाली तर अख्खा माल परत येतो. मामींनी माल जायच्या आधीच चूक काढली. बाबांशी मी बोलते.’ पोरगी हुशार हाय. वर्षभर थांबली तर बरं. न्हाई थांबली तर तिचं नशीब.

तुझे दाजी बोलायला लागलं. कर गोळा करून माणशी वाटायचा, हे त्यांना लई पटलं. गुऱ्हाळाचं किती भरावं लागंल ते इचारल्यावर म्हणले, ‘आधी घरात माणसं किती धरायची ते ठरू दे.’ म्हंजी परत मिळायचं आधी मोजलं.

आता माझं ऐक. तू समदं सांगितलंस, मी अजून सांगितलं न्हाई.

दोन वर्सांमागं ह्याच कंपनीची दुसरी पोरं केडगावात चुली वाटत व्हती. इंद्रजीत तवा तुमच्याकडं शिरूरला व्हता. फुकट मिळतीय म्हणल्यावर मीबी नाव दिलं. पोरानं विचारलं, ‘काकी, रोज किती लाकूड?’ म्या सांगितलं, दहा. सिंधू, माझ्या घरात नऊ वर्सं झाली गॅस हाय. चूल पाडून तिथं मी मिक्सरचं टेबल ठेवलंय. ती नवी चूल खोक्यासकट गुऱ्हाळाच्या माळ्यावर पडलीय, दोरीसुदिक सोडली न्हाई. इंद्रजीतला कधी बोलले न्हाई. आन् तुला ‘अर्धं खरं सांगू नको’ म्हणून लिवलं, तवा ते खोकं माळ्यावरच व्हतं. 

काल सकाळी त्यो काटा आन् साठ घरांची यादी घेऊन आला. दौंडची यादी काढली. पहिल्याच पानावर तिसरं नाव, पुतळाबाई हौसराव. त्यावर बोट ठेवून म्हणला, ‘आई, हे दुसरं कुणी हाय का?’

व्हय म्हणले असते तर त्यानं खरं धरलं असतं. तुझ्यासारखंच माझ्यावरबी डोळे झाकून.

मी म्हणलं, ‘मीच हाय. चल, माळ्यावर.’ त्यानं खोकं खाली उतरवलं, वरची चिपाडाची धूळ झाडली. त्याचे बाबा लांबून बघत व्हते, म्हणले, ‘हिच्यावर कर लावा.’ इंद्रजीत हसला न्हाई. टॅब काढला, म्हणला, ‘आई, मला रीतसर विचारावं लागंल. रोज किती लाकूड जळतं?’

‘शून्य.’

‘आधी किती जळायचं?’

‘आधीबी शून्य.’

त्यानं दोन्हीकडं शून्य लिवलं आन् टॅब माझ्यापुढं धरला. मी बोटानं सही केली. मग त्यो काटा खांद्याला अडकवून शेजारच्या घरी गेला, आन् मी त्याच्या मागनं गेले. तिथल्या बाईनं मला बघून तोंड उघडायच्या आधीच मी तिला सांगितलं, ‘आकडा बोलू नको बाई, मोळी आण.’

पुतळा